आधी काय, नंतर काय

बारावीचा निकाल लागला की सोलापुरात पदव्यांची नावं तोंडातोंडी फिरायला लागतात. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, बीएस्सी ईसीएस, बीसीए, बीटेक. बीटेकमध्ये परत सीएसई, आयटी, एआय-एमएल, डेटा सायन्स. सात रस्ता असो की अशोक चौक, कुठल्याही टपरीवर चहा सांगून उभं राहिलं की शेजारी कोणीतरी कोणाला तरी समजावत असतं, ‘बीसीए कर बे, तीन वर्षांत मोकळा. इंजिनिअरिंगला चार वर्षं, वर गणिताचा ताप.’ समजावणारा स्वतः बहुधा बीकॉम झालेला असतो.

या पदव्यांत नेमकं काय काय शिकावं लागतं, हा विषय मात्र टपरीवर निघत नाही. आमच्या कॉलेजच्या प्रवेशाच्या टेबलावरही क्वचितच निघतो. फी किती, स्कॉलरशिप मिळते का, कॅम्पसला कुठल्या कंपन्या येतात, पॅकेज किती, नोकरीला पुण्याला जावं लागेल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्याला पाठ असतं, तरी विचारतात.

यंदा एक गृहस्थ वेगळे निघाले. पूर्व भागातले, यंत्रमागावर काम करणारे, घरात तेलुगू आणि बाहेर अस्सल सोलापुरी मराठी. मुलगा शेजारी मोबाइलमध्ये मान घालून उभा. यांनी विषयांचा छापील कागद हातात घेतला आणि पहिल्या सेमिस्टरपासून शेवटपर्यंत एकेका ओळीवर बोट ठेवत गेले. इंग्रजी वाचत होते की नुसत्या ओळी मोजत होते, मला कळलं नाही. मग म्हणाले, ‘मॅडम, ह्यातला अवघड विषय कुठला, तेवढं सांगा. आत्तापासनंच शिकवणी लावतो त्याची.’ आणि मी तोंड उघडायच्या आत, ‘आणि समजा एखादा राहिला, तर पुढच्या वर्षाला बसवतात ना?’

दुसऱ्या प्रश्नाला ‘हो काका, बसवतात’ म्हणायला मला क्षणही लागला नाही. पहिल्याला मी डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स असं नाव सांगितलं. त्यांनी ते कागदाच्या कडेला तेलुगू अक्षरांत लिहून घेतलं, घडी करून वरच्या खिशात ठेवलं. उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. हा विषय एकटा घेतला तर बारावी सायन्सच्या पोराला झेपणार नाही असं त्यात काही नाही. तो पुढच्या कशाकशाच्या आधी येतो, त्यात त्याची खरी गोम आहे. टेबलावर मागे रांग लागलेली असताना हे काकांना कसं सांगायचं?

पदवी म्हणजे आता क्रेडिटचा हिशेब झालाय. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट, चौथं वर्ष केलं तर १६० ते १७६. बीटेकसाठी एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं २०१८ मध्ये जो नमुना अभ्यासक्रम दिला त्यात १६० क्रेडिट आहेत. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३० तास. म्हणजे दोन क्रेडिटचा विषय हा कागदावर ३० तासांचा झाला. त्यातून गड्ड्याच्या जत्रेचे दिवस वजा करा (जत्रा चालू असताना सोलापूरच्या पोरांनी दुपारच्या तासाला बसावं ही अपेक्षाच अमानुष आहे), गॅदरिंग वजा करा, चाचणी परीक्षा वजा करा, पाहुण्यांची व्याख्यानं वजा करा. जे उरतं त्यात संच, संबंध, फल, तर्कशास्त्र, मोजणीचे नियम आणि ग्राफ (म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा किंवा बाण). मुलं याला ‘डिस्क्रीट’ म्हणतात आणि चेहरा असा करतात की जणू कोणी नातेवाइकांकडे राहायला पाठवतंय.

या विषयाला इथं कोणी घुसडलं, असा राग मुलांना असतो, म्हणून मी कधीकधी त्यांना १९६८ सालची गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात १९६२ मध्ये कॉम्प्युटर सायन्सचा स्वतंत्र विभाग निघाला होता. पण या पदवीत शिकवायचं काय, यावर एकमत नव्हतं. गणितवाले म्हणत आमचं, इलेक्ट्रिकलवाले म्हणत आमचं. मग एसीएम या संगणकवाल्यांच्या संस्थेनं १९६८ मध्ये एक नमुना अभ्यासक्रम छापला. २२ विषय: ४ पायाभूत, ९ मधले, ९ वरचे. डिस्क्रीट स्ट्रक्चर्स, म्हणजे आपलं हेच डिस्क्रीट, पायाभूत चारांमध्ये होता. डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे माहिती मांडून ठेवायच्या रचना, मधल्यांत पहिला. त्या साली सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती, आपलं विद्यापीठ व्हायला २००४ उजाडायचं होतं, आणि गावाची घड्याळं गिरणीच्या भोंग्यावर लागत होती.

तेव्हापासून हा अभ्यासक्रम दर दहाएक वर्षांनी धुऊन काढतात. २०२३ च्या आवृत्तीत १७ ज्ञानक्षेत्रं आहेत. कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, सुरक्षा आहे, समाज आणि नीतिमत्ता आहे. १९६८ मध्ये पायाभूत चारांत असलेलं संख्यात्मक गणित हळूहळू कडेला सरकलं. डिस्क्रीट मात्र हललं नाही. कार्ड पंचिंग गेलं, टर्बो सीची निळी स्क्रीन आली आणि (आमच्याकडच्या काही लॅब सोडल्या तर) गेलीसुद्धा, तरी हलायला तयार नाही.

पण मला त्या १९६८ च्या अहवालात विषयांच्या यादीपेक्षा जास्त आवडतं ते त्यातलं एक चित्र. विषयांचे चौकोन आणि चौकोनांमधून निघालेले बाण. हा विषय झाल्याशिवाय तो नाही, तो झाल्याशिवाय पलीकडचा नाही. आपण मुलाच्या हातात ठेवतो तो तक्ता. सेमिस्टर एक, विषय पाच. सेमिस्टर दोन, विषय पाच. तक्त्यात सगळे विषय एकमेकांच्या शेजारी गुण्यागोविंदानं बसलेले दिसतात. बाण दिसत नाहीत. वास्तविक ‘सी’ या प्रोग्रामिंगच्या भाषेतला पॉइंटर (माहिती कुठं ठेवलीय तो पत्ता) कळला नाही तर लिंक्ड लिस्ट (अशा पत्त्यांनी जोडलेली यादी) कळत नाही, लिंक्ड लिस्ट आणि ट्री कळले नाहीत तर ऑपरेटिंग सिस्टिम ही नुसत्या व्याख्यांची वही होते. बायनरी आणि लॉजिक गेट पक्के नसतील तर कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन म्हणजे पाठ केलेल्या आकृत्या. विसंगतीनं सिद्धता कशी करतात हे आधी पाहिलेलं नसेल, तर थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनमधला पम्पिंग लेमा (एक प्रमेय) हा एक मंत्र होतो. मुलं तो मंत्रासारखाच पेपरात उतरवतात आणि मार्कही पडतात. मशीन लर्निंगच्या मागे संभाव्यता आणि मॅट्रिक्स उभे आहेत, हे तर आता ज्याला त्याला माहीत आहे. तरी पोरं पहिल्या वर्षाचं गणित ‘काढून टाकायचं’ म्हणून काढतात आणि तिसऱ्या वर्षी मशीन लर्निंगचा ऑनलाइन कोर्स लावतात.

या बाणांच्या चित्रावरून सरळ क्रम कसा काढायचा, याचं एक अल्गोरिदम आहे आणि तेही आम्ही शिकवतो. टोपोलॉजिकल सॉर्ट. आर्थर कान यांनी ते १९६२ मध्ये मांडलं, मोठ्या प्रकल्पांतली कामं कुठल्या क्रमानं करायची ते ठरवण्यासाठी. अगदी सोपं आहे. ज्याच्याकडे एकही बाण येत नाही असा चौकोन शोधायचा, तो यादीत लिहायचा, त्याच्यातून निघालेले बाण पुसून टाकायचे. मग पुन्हा तसाच चौकोन शोधायचा. असं करत करत सगळं चित्र पुसलं गेलं की यादी तयार. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत याला उदाहरण ठरलेलं असतं: कॉलेजचे विषय. कुठला विषय आधी घ्यावा, कुठला नंतर. मी हे फळ्यावर शिकवते तेव्हा समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा आधीचा विषय राहिलेला असतो आणि ते नंतरचा विषय शिकत असतात. उदाहरण पुस्तकातलं, मुलं आमची, आणि दोघांची गाठ नाही.

डीबीएमएसच्या, म्हणजे डेटाबेसच्या, प्रॅक्टिकलला एकदा हे फार जवळून पाहायला मिळालं. एका टेबलात वर्गातली ६० मुलं, दुसऱ्यात ८ विषय आणि त्यांचे कोड. कोणी कुठला ऐच्छिक विषय घेतलाय त्याची यादी काढायची होती. एका मुलानं क्वेरीत (डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात) दोन्ही टेबलांची नावं लिहिली, त्यांना जोडणारी अट लिहायची राहिली, आणि एन्टर दाबलं. स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या. तो खुर्ची मागे सरकवून म्हणाला, ‘मॅडम, डेटाबेस करप्ट झालाय. सगळी पोरं डबल डबल दिसायलीत.’

ओळी थांबल्या. खाली आकडा आला होता ४८०.

‘साठ गुणिले आठ किती?’ मी विचारलं.

‘चारशे ऐंशी.’ आणि मग दोन सेकंदांनी, ‘अरेच्चा.’

प्रत्येक मुलगा प्रत्येक विषयाबरोबर एकेकदा येऊन गेला होता. डेटाबेस अजिबात करप्ट नव्हता, त्यानं सांगितलेलं इमानदारीनं केलं होतं. याला कार्टेशियन प्रॉडक्ट म्हणतात आणि तो डिस्क्रीटच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली ती सगळी याच गणितावर उभी आहे. टेबल म्हणजे गणितातलं रिलेशन, म्हणजे अशा गुणाकारातून निवडून काढलेल्या जोड्या. दोन टेबलं जोडणं म्हणजे आधी सगळ्या जोड्या मनात मांडायच्या आणि मग अट लावून नकोत त्या गाळायच्या. ज्याला हे माहीत आहे तो ४८० पाहून हसतो आणि अट लिहितो. ज्याला माहीत नाही तो कॉम्प्युटर रिस्टार्ट करतो.

‘हे तर डिस्क्रीटमधलं आहे की मॅडम,’ तो म्हणाला. ‘ते हिकडं कसं काय आलं?’

‘डिस्क्रीट सुटलंय का तुझं?’

‘नाही. एटीकेटी हाय. ह्याच सेमला देणार.’

म्हणजे डीबीएमएस आणि डिस्क्रीट या दोन्हींची परीक्षा तो एकाच हंगामात देणार. एकच हॉल तिकीट. वेळापत्रक पाहिलं तर एके दिवशी सकाळी नंतरचा विषय आणि दुपारी आधीचा.

आपल्याकडे अटी आहेत, भरपूर आहेत. उपस्थिती पंचाहत्तर टक्के, जर्नल पूर्ण, सबमिशन वेळेत, अंतर्गत मार्कांत पास, लेखी पेपरात वेगळा पास. या सगळ्या परीक्षेला बसण्याच्या आणि परीक्षेतून सुटण्याच्या अटी आहेत. शिकण्याची अट एकही नाही. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत आधीच्या विषयात ठरावीक ग्रेड मिळाल्याशिवाय पुढच्या विषयाला नावच नोंदवता येत नाही. नोंदणीचं सॉफ्टवेअरच आत घेत नाही. तिथं मुलगा विषयांमधून पुढे जातो. इथं अख्खा वर्ग मिळून वर्षांमधून पुढे जातो. पहिल्या वर्षाचे काही विषय राहिले तरी ठरावीक मर्यादेत दुसऱ्या वर्षाला बसता येतं. बहुतेक ठिकाणी तिसऱ्या वर्षाच्या दारात मात्र पहिलं वर्ष पूर्ण सुटलेलं लागतं.

आता यावर स्टाफरूममध्ये जे बोललं जातं ते मला ठाऊक आहे. एटीकेटीनं वाटोळं केलं, एक विषय राहिला की वर्ष थांबवा, सुतासारखी सरळ होतील. मी त्यांच्या बाजूला बसत नाही. एका मुलीचं गणित पहिल्या वर्षी राहिलं होतं. हुशार होती, पण सकाळी आईबरोबर घरी विड्या वळून यायची आणि पहिल्या तासाला डोळे मिटायची. विड्यांची पानं कापून कापून बोटं काळी पडलेली. वर्ष गेलं असतं तर तिच्या घरच्यांनी काय केलं असतं हे सांगायला ज्योतिषी नको. स्थळ आलेलं होतं. नियमानं तिला दुसऱ्या वर्षात बसू दिलं, गणित पुढच्या फेरीत सुटलं, पदवी झाली. आज ती पुण्यात टेस्टिंगमध्ये आहे आणि सणावाराला हुतात्मा एक्स्प्रेसनं घरी येते. आधीच्या विषयात ग्रेड नाही म्हणून दार बंद करणारी पद्धत ज्या देशात आहे तिथं मुलगा जास्तीची दोन वर्षं कर्ज काढून कॉलेजात काढू शकतो. कन्ना चौकाच्या मागच्या बोळात हे गणित बसत नाही.

तेव्हा मुलांना थांबवा असं माझं म्हणणं नाही. म्हणणं इतकंच आहे, की परीक्षेत राहिलेला विषय आणि शिकायचा राहिलेला विषय यांचे हिशेब वेगळे ठेवा. पहिल्याची मुभा द्या, दुसऱ्याची देऊ नका. डीबीएमएस सुरू होताना मी पहिले चार तास संच आणि संबंध घेते. सिलॅबसमध्ये ते तास नाहीत, त्यामुळे शेवटचं युनिट घाईत जातं आणि डायरीत मला युनिट एक चालू असल्याचं लिहावं लागतं. डिपार्टमेंटमध्ये हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळेच थोडंफार असं करतात. अभ्यासक्रम कागदावर एक असतो आणि वर्गात मास्तर-मास्तरणी तो डागडुजी करत चालवतात.

इथं सोलापूरकराला जेकार्ड आठवणार, मला माहीत आहे. गावात कॉम्प्युटरचा कुठलाही कार्यक्रम असो, पाहुणे हमखास तिथं पोचतात. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जेकार्डनं भोकांच्या कार्डांवर चालणारा माग केला, बॅबेजनं आपल्या आकडेमोडीच्या यंत्रासाठी ती कार्डं उचलली, १८४३ मध्ये एडा लव्हलेसनं लिहिलं की माग जशी फुलंपानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं. आणि ती जेकार्डची चादर तर आपली! टाळ्या. सगळं खरं आहे, पण त्यातून सोलापूर हे संगणकाचं माहेर ठरत नाही, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजणांनी ते कार्ड हातात धरलंय कोण जाणे.

मी धरलं ते एका विद्यार्थ्याच्या घरी. खाली दोन माग, वर राहायला. खटखटाटात बोललेलं ऐकू येत नव्हतं म्हणून त्यानं मला जिन्यात आणून दाखवलं. जाड पुठ्ठ्याची लांबट पट्टी, तिच्यावर भोकांच्या ओळी. एक कार्ड म्हणजे धोट्याची एक फेर. भोक असेल तिथली सुई आत जाते, तिचा हूक वर उचलला जातो आणि तो उभा धागा वर येतो. भोक नसेल तिथला धागा खालीच राहतो. अशी शेकडो कार्डं दोऱ्यानं एकापुढे एक बांधून त्यांची माळ मागावर चढवलेली असते. चादरीतला मोर त्या माळेत झोपलेला असतो. मी विचारलं, बांधताना दोन कार्डं इकडची तिकडं झाली तर?

‘मान मोडते मोराची,’ तो म्हणाला. ‘पण माग थांबत नाही बरं का मॅडम. ते विणतच राहतंय. वडलांचं लक्ष नसलं तर हातभर कापड वाया.’

आमचाही थांबत नाही.

विषय कुठल्या सेमिस्टरला ठेवायचा, हे ठरतं ते अभ्यास मंडळाच्या बैठकीत. अशा एका बैठकीला मी निमंत्रित म्हणून बसले होते. नव्या धोरणाची सगळी अक्षरं टेबलावर होती: मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, ओजेटी. हे सगळं एकेका सेमिस्टरच्या २० ते २२ क्रेडिटमध्ये बसवायचं. कल्पना वाईट नाही. कॉम्प्युटरच्या पोरानं थोडं अर्थशास्त्र शिकावं, कंपनीत किंवा कारखान्यात जाऊन काम करून पाहावं, त्याला क्रेडिट मिळावं, हे चांगलंच. पण जागा तेवढीच आहे, त्यामुळे कोणाला तरी सरकावं लागतं. सरकलं गणित. चाराचं दोन झालं. मग उरलेले विषय कुठं बसवायचे यावर जी चर्चा झाली ती पूर्णपणे वर्कलोडची होती. अमक्या कॉलेजात अमका विषय शिकवणाऱ्या सरांचे तास कमी पडतात, तेव्हा तो विषम सेमिस्टरला हवा. तमक्याकडे लॅब दुपारीच मोकळी असते. इलेक्ट्रॉनिक्सच्या मंडळींचा एक विषय काढला तर दोन जागा धोक्यात. कोणी वाईट नव्हतं. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या माणसाला दोन क्रेडिट म्हणजे काय असतं हे मी स्वतः अनुभवलंय, त्यामुळे त्या सरांच्या आवाजातली धास्ती मला ओळखीची होती. पण सी आधी की डेटा स्ट्रक्चर्स आधी, यावर पोराच्या बाजूनं एकही वाक्य बोललं गेलं नाही. मी बाणांचं चित्र पहिल्या पानावर छापावं असं सुचवलं. छान आहे, पुढच्या बैठकीत घेऊ, असं ठरलं आणि समोसे आले.

हल्ली नवीन युक्तिवाद ऐकू येतो. चॅटजीपीटी कोड लिहून देतंय, मग सी कशाला, डिस्क्रीट कशाला, क्रम तरी कशाला? लिहून देतं, खरंच देतं, आणि आमच्या निम्म्या वर्गाची जर्नलं तेच लिहितं. पण ते ४८० ओळीही तितक्याच आत्मविश्वासानं देईल, आणि त्या ४८० आहेत हे बघून ज्याच्या भुवया वर जातील असं माणूस टेबलाच्या या बाजूला लागेलच. यापेक्षा जास्त या विषयावर सध्या मला बोलायचं नाही; दर सहा महिन्यांनी बोललेलं शिळं होतं.

गेल्या खेपेला टोपोलॉजिकल सॉर्टच्या प्रॅक्टिकलला मी पुस्तकातलं उदाहरण टाकून दिलं. आमच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत प्रत्येक विषयाच्या पानावर वर एक बारीक ओळ असते, पूर्वअटी. ती कोणी वाचत नाही. मुलं नाहीत, आम्हीही नाही. मी म्हटलं, ही ओळ इनपुट घ्या. २६ विषय, प्रत्येकासमोर त्याच्या पूर्वअटी. प्रोग्रामनं सांगावं, कुठल्या क्रमानं शिकायचं.

पहिल्या बॅचचा प्रोग्राम २३ विषय छापून थांबला. मुलांना वाटलं, लूपमध्ये चूक आहे. दोन तास डोकी खाजवली. दुसऱ्या बॅचचाही २३ वर थांबला. वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलानं मुळापासून नवा प्रोग्राम लिहिला, पायथॉनमध्ये. २३. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं, जी एरवी प्रॅक्टिकलला फारशी बोलत नाही, कॉम्प्युटर बाजूला सारला आणि पुस्तिका उघडून पेन्सिलीनं बाण काढत बसली. मग वही माझ्यासमोर आणून ठेवली.

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पानावर पूर्वअट लिहिली होती, डेटाबेस. डेटाबेसच्या पानावर पूर्वअट होती, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची मूलतत्त्वं. दोन विषय दोन वेगळ्या उपसमित्यांनी लिहिले असणार. आणि प्रोजेक्टची पूर्वअट, अर्थातच, दोन्ही. कानच्या अल्गोरिदमला अशा ठिकाणी पुढे जाता येत नाही. ज्याच्याकडे बाण येत नाही असा चौकोनच उरत नाही. बाण गोल फिरून शेपटी धरतो.

‘म्हणजे मॅडम,’ मागून कोणीतरी म्हणालं, ‘कायद्यानं बघितलं तर आमचा प्रोजेक्ट होऊच शकत नाही की.’ अख्खी लॅब हसली. पुढची पंधरा मिनिटं ग्राफमधली चक्रं कशी शोधायची यावर जी चर्चा झाली तशी मी वर्गात कधी घडवू शकले नव्हते. ज्याला डिस्क्रीटची एटीकेटी होती तोही पुढे येऊन फळ्यावर बाण काढत होता, आणि बरोबर काढत होता.

मुलीच्या वहीतल्या पानाची आणि प्रोग्रामच्या आउटपुटची प्रत मी रीतसर अर्ज जोडून वर पाठवली. हे दोन विषय एकमेकांची वाट पाहत बसलेत, कृपया कोणाला तरी आधी जाऊ द्यावं, असं मजकुरात होतं; थोडं जास्त सभ्य भाषेत.

दखल घेतली गेली. पुढच्या जूनमध्ये सुधारित पुस्तिका आली तेव्हा मी आधी तीच पानं उघडली. चक्र नव्हतं. पूर्वअटींची ओळच सगळ्या विषयांवरून काढून टाकली होती.

जुन्या पुस्तिकेच्या मी पाच-सहा झेरॉक्स काढून लॅबच्या कपाटात ठेवल्यात. प्रॅक्टिकलला इनपुट लागतं, आणि चक्र असलेलं इतकं चांगलं उदाहरण पुस्तकांत सापडत नाही.